तबकडीवर जपलेली रेष

अभिजात अॅनिमेशनपटांच्या हाय-डेफिनिशन तबकड्यांचा संग्रह : काय घ्यावे, काय पारखावे, काय जपावे

'सिंड्रेला'ला परीने दिलेला झगा अॅनिमेशनच्या चाहत्यांना अक्षरशः पाठ असतो. १९५० साली हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्या झग्याची प्रत्येक चुणी डिस्ने स्टुडिओत शाईकाम करणाऱ्या स्त्रियांनी पारदर्शक सेलवर हाताने रेखली होती. २०१२ साली याच चित्रपटाची ब्ल्यू-रे तबकडी बाजारात आली. चित्र लख्ख होते, रंग उजळ होते, धुळीचा एक कणही दिसत नव्हता. मात्र जाणकार प्रेक्षकांनी तबकडी थांबवून एकेक चौकट न्याहाळली, तेव्हा धुळीबरोबर रेषाही पुसल्या गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. झग्याच्या चुण्या, केसांच्या बटा, दूर उभ्या असलेल्या पात्रांच्या चेहऱ्यांवरील बारीक रेघा काही ठिकाणी फिकट झाल्या होत्या, तर काही ठिकाणी नाहीशाच झाल्या होत्या. अकरा वर्षांनी, २०२३ मध्ये स्टुडिओने मूळ निगेटिव्हवरून नव्याने जीर्णोद्धार केला. ही प्रत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आली आणि त्याच वर्षी ४के तबकडीवर उपलब्ध झाली. पुसलेल्या रेषा पुन्हा दिसू लागल्या.

जुन्या अॅनिमेशनपटांच्या तबकड्या जमवणे हा वरकरणी मुलांच्या खेळण्यांसारखा छंद वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे एक गंभीर प्रश्न आहे. चित्रकारांनी काढलेले चित्र जसेच्या तसे कोठे आणि किती काळ टिकणार, हा तो प्रश्न. एकाच चित्रपटाच्या तीन-तीन आवृत्त्या फडताळात ठेवणाऱ्या संग्राहकाला घरची मंडळी हसतात. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांत चित्र वेगवेगळे असते, हे त्याला ठाऊक असते.

तबकडीचे गणित

डीव्हीडी वाचणारा लेसर किरण तांबडा असतो; त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. ब्ल्यू-रेचा किरण निळसर जांभळा असून त्याची तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर आहे. किरण जितका सूक्ष्म, तितक्या बारीक खुणा वाचता येतात. म्हणूनच त्याच आकाराच्या तबकडीवर पुष्कळ जास्त माहिती मावते. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, तर एका थराच्या ब्ल्यू-रेची २५ आणि दोन थरांच्या ब्ल्यू-रेची ५० गिगाबाइट. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. ब्ल्यू-रेवर ते १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, म्हणजे बिंदूंच्या हिशेबाने पाचपट होते. २०१६ पासून आलेल्या अल्ट्रा एचडी तबकडीवर ते ३८४० गुणिले २१६० पर्यंत पोहोचले.

अॅनिमेशनच्या बाबतीत आणखी एक फरक महत्त्वाचा ठरतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. पाल पद्धतीचा दूरचित्रवाणी संच सेकंदाला २५ चौकटी दाखवतो. त्यामुळे पाल डीव्हीडीवर चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने धावतो. ८३ मिनिटांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' सुमारे ८० मिनिटांतच संपतो आणि सूर दुरुस्त केला नसेल, तर गाण्यांची पट्टीही किंचित चढते. संगीताच्या मात्रांवर पात्रांची पावले बेतलेल्या चित्रपटांत तयार कानांना हा फरक जाणवतो. ब्ल्यू-रेवर मूळचा २४ चौकटींचा वेग कायम राखता येतो.

या तंत्राला सुरुवातीस प्रतिस्पर्धी होता. तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी २००६ च्या मार्चमध्ये बाजारात उतरली, तर ब्ल्यू-रे त्याच वर्षीच्या जूनमध्ये. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्ल्यू-रे वाचण्याची सोय असल्याने अनेक घरांत हे तंत्र खेळाच्या निमित्तानेच शिरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेने 'स्लीपिंग ब्यूटी' ब्ल्यू-रेवर आणला आणि अभिजात अॅनिमेशनच्या संग्रहाचे नवे पर्व सुरू झाले.

तिजोरीची किल्ली

डिस्नेचे चित्रपट जमवणाऱ्यांना एक शब्द चांगलाच परिचित आहे : व्हॉल्ट, अर्थात तिजोरी. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती आणि स्टुडिओला पैशाची निकड होती. त्या वेळी, १९४४ साली, 'स्नो व्हाइट' पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला. तो चालला. तेव्हापासून जुने चित्रपट साधारण सात वर्षांच्या अंतराने नव्या पिढीसमोर आणण्याचा प्रघात पडला.

घरगुती व्हिडिओच्या काळातही हेच धोरण चालू राहिले. एखादी तबकडी काही महिने विकायची, मग ती बाजारातून काढून घ्यायची आणि काही वर्षांनी नव्या वेष्टनात परत आणायची. 'प्लॅटिनम', 'डायमंड' अशी भारदस्त नावे त्या आवृत्त्यांना दिली जात. 'पिनोकियो' आणि 'स्नो व्हाइट' २००९ मध्ये, 'फँटेझिया' आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट' २०१० मध्ये, तर 'बॅम्बी' आणि 'द लायन किंग' २०११ मध्ये ब्ल्यू-रेवर आले. 'आता घेतले नाही तर सात वर्षे थांबा' ही धास्तीच विक्रीचे मोठे साधन होती. जुन्या बाजारात बंद झालेल्या आवृत्त्यांचे भाव चढत, आणि बनावट तबकड्यांचा धंदाही त्याच आधाराने फोफावला.

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत डिस्ने प्लस ही इंटरनेटवरील सेवा सुरू झाली आणि तिजोरीचा अर्थ जवळजवळ संपला. भारतात ती एप्रिल २०२० मध्ये हॉटस्टारसोबत आली. बहुतेक अभिजात चित्रपट एका कळीसरशी दिसू लागल्यावर तबकडीची गरज काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. त्याचे उत्तर पुढील काही वर्षांतील घटनांनीच दिले. ते पाहण्यापूर्वी तबकडीवरचे चित्र कसे तयार होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जीर्णोद्धार कसा होतो

रंगीत अॅनिमेशनपटांचे चित्रण टेक्निकलर पद्धतीने होई. सजीव अभिनेत्यांच्या चित्रपटासाठी तीन फिती एकाच वेळी फिरवणारा अवजड कॅमेरा लागे. अॅनिमेशनमध्ये चित्र स्थिर असल्याने एकाच कृष्णधवल फितीवर प्रत्येक चित्राच्या तीन चौकटी घेत : तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकेक. 'स्नो व्हाइट'च्या ८३ मिनिटांत सुमारे १ लाख २० हजार चौकटी होतात. तिप्पट केल्यास निगेटिव्हवर सुमारे ३ लाख ६० हजार चौकटी भरतात. रंगीत रसायने कालांतराने उडतात. ही कृष्णधवल नोंद मात्र टिकते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे रंग आजही अचूक सांगता येतात, ते यामुळे.

जीर्णोद्धार करताना या चौकटी स्कॅन करून संगणकावर जुळवल्या जातात. 'स्नो व्हाइट' हा संपूर्णपणे संगणकात उतरवून, दुरुस्त करून पुन्हा फितीवर छापलेला पहिला चित्रपट. हे काम १९९३ साली झाले. चित्रणाच्या वेळी सेलवर पडलेली धूळ, काचेवरचे ओरखडे, फितीला पडलेले डाग हे सर्व त्यानंतर काढता येऊ लागले.

अडचण येथेच सुरू होते. धूळ काढणारे सॉफ्टवेअर लागोपाठच्या चौकटींची तुलना करते. एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत त्या जागी नाही, अशी बारीक गोष्ट त्याला दोष वाटते. परंतु हाताने काढलेली बारीक रेष नेमकी तशीच वागते. ती प्रत्येक चित्रात थोडी सरकते, कधी तुटते, कधी जाड होते. तारतम्य न ठेवता यंत्र चालवले, की धूळ आणि रेष एकाच झाडूने झाडली जाते. फितीचा स्वाभाविक रवाळपणा पुसताना पार्श्वचित्रातील कुंचल्याचे फटकारेही सपाट होतात.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे 'द स्वोर्ड इन द स्टोन'. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून डिस्ने स्टुडिओने पेन्सिलीची रेखाटने झेरॉक्स तंत्राने थेट सेलवर उतरवण्यास सुरुवात केली होती. शाईच्या रेषेइतकी ती सफाईदार नसली, तरी तिच्यात चित्रकाराच्या हाताचा जिवंतपणा होता. १९६३ चा 'द स्वोर्ड इन द स्टोन' याच खडबडीत रेषेचा चित्रपट. त्याची २०१३ मधील ब्ल्यू-रे पाहून संग्राहक संतापले. रेषा मेणासारख्या वितळलेल्या दिसत होत्या आणि पात्रांचे तपशील धूसर झाले होते. स्वच्छतेच्या हट्टापायी चित्राचे रूपच पालटले होते.

याच्या नेमके उलट उदाहरण 'यलो सबमरीन'चे. १९६८ च्या या ब्रिटिश चित्रपटाचा जीर्णोद्धार २०१२ मध्ये झाला. चित्रांची नाजूक शैली ध्यानात घेऊन स्वयंचलित सॉफ्टवेअर वापरले गेले नाही. एकेक चौकट माणसांनी हाताने साफ केली. त्या तबकडीवर रेष शाबूत आहे आणि रंगही ताजे आहेत. तंत्रज्ञान कोणते, यापेक्षा ते वापरणाऱ्याची दृष्टी कोणती, हे महत्त्वाचे असल्याचा धडा या दोन तबकड्या शेजारी ठेवल्यावर मिळतो.

नव्वदच्या दशकातील चित्रपटांची गोष्ट निराळी. १९९० च्या 'द रेस्क्युअर्स डाऊन अंडर'पासून डिस्नेने रंगभरणीसाठी संगणक वापरण्यास सुरुवात केली. अशा चित्रपटांच्या तबकड्या फितीवरून न करता थेट संगणकातील चित्रांवरून करता येतात. धुळीचा प्रश्न उरत नाही. मात्र चित्रपटगृहात फितीवर दिसलेले रंग तबकडीवर तसेच उतरले आहेत का, हा वाद रंगतो. शिवाय, संगणकातील चित्र बदलणे सोपे असते. 'द लायन किंग' २००२ मध्ये आयमॅक्स पडद्यासाठी सिद्ध केला गेला, तेव्हा एका गाण्यातील मगरी नव्याने रेखाटण्यात आल्या. १९९४ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेल्या मगरी वेगळ्या होत्या.

चौकटीचा आकार

जुना चित्रपट रुंद टीव्हीवर लावला, की पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. अनेकांना तो तबकडीचा दोष वाटतो. वस्तुतः १९५३ पूर्वीचे बहुतेक चित्रपट १.३७ : १ या जवळपास चौकोनी आकारात काढलेले आहेत. पट्ट्या दिसणे हेच चित्र पूर्ण असल्याचे लक्षण होय. पट्ट्या घालवण्यासाठी चित्र रुंद पडद्याइतके ताणले, तर पात्रे बुटकी दिसतात. वरून-खालून कापले, तर डोकी आणि पाय जातात. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओचा १९३९ चा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने अनेकांनी छापला. त्याच्या २००९ मधील एका ब्ल्यू-रे आवृत्तीत चित्र असेच कापलेले होते. पट्ट्यांचा त्रास होणाऱ्यांसाठी डिस्नेने 'पिनोकियो' आणि 'स्नो व्हाइट'च्या तबकड्यांवर दोन्ही कडांना शोभेची चित्रे दाखवण्याची सोय दिली. ती ऐच्छिक होती, मूळ चित्राला धक्का लावणारी नव्हती.

'स्लीपिंग ब्यूटी' मात्र रुंद पडद्यासाठीच काढलेला. १९५९ च्या या चित्रपटावर सुमारे ६० लाख डॉलर खर्च झाले आणि त्याचे चित्रण मोठ्या टेक्निरामा फितीवर झाले. आयव्हिंड अर्ल यांनी मध्ययुगीन चित्रकलेच्या धर्तीवर रंगवलेली पार्श्वचित्रे त्याचे वैभव होय. २००८ च्या ब्ल्यू-रेवर चित्र २.५५ : १ या पूर्ण रुंदीत उलगडले. पूर्वीच्या घरगुती आवृत्त्यांत न दिसलेला कडेचा भाग त्यात पाहायला मिळाला. हाय-डेफिनिशनचा खरा लाभ कोणत्या चित्रपटाला झाला, असे विचारल्यास अनेक संग्राहक प्रथम हेच नाव घेतात.

डिस्नेपलीकडे

संग्रह म्हणजे केवळ डिस्ने नव्हे. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांचा. 'द अॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद' हा १९२६ चा चित्रपट काळा कागद कात्रीने कापून केलेल्या बाहुल्यांच्या छायांतून साकारला आहे. 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षे आधीचा हा चित्रपट ब्ल्यू-रेवर मिळतो. रायनिगर यांच्या कात्रीची सफाई छोट्या पडद्यावरील पुसट प्रतीत कळत नाही. मोठ्या, स्पष्ट चित्रात बोटांची आणि पापण्यांची हालचालही वेगळी दिसते. आपल्याकडच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या प्रेक्षकाला तो परका वाटू नये.

फ्रान्सचे रेने लालू यांचा 'फँटास्टिक प्लॅनेट' (१९७३), इंग्लंडमधील 'वॉटरशिप डाऊन' (१९७८) आणि चेक दिग्दर्शक कारेल झेमान यांचे तीन चित्रपट अमेरिकेतील क्रायटेरियन या प्रकाशनाने नेटक्या स्वरूपात काढले आहेत. अशा प्रकाशनांत चित्रपटासोबत अभ्यासपूर्ण पुस्तिका आणि लघुपट असतात. तबकडी विकत घेणाऱ्याला एका अर्थी चित्रपटाचे टिपणच हाती येते. खुद्द डिस्नेच्या 'फँटेझिया'च्या २०१० मधील संचातही अशी एक दुर्मीळ भेट होती : चित्रकार साल्वादोर दाली यांच्या सहकार्याने १९४५ च्या सुमारास सुरू झालेला आणि २००३ मध्ये पूर्ण झालेला 'डेस्टिनो' हा लघुपट.

जपानी चित्रपटांचा विभाग स्वतंत्र कपाट मागतो. हायाओ मियाझाकी यांचा 'नौसिका' (१९८४) जपानमध्ये २०१० मध्ये, 'माय नेबर तोतोरो' (१९८८) २०१२ मध्ये आणि 'स्पिरिटेड अवे' (२००१) २०१४ मध्ये ब्ल्यू-रेवर आला. यांपैकी शेवटच्या चित्रपटाची कथा बोधप्रद आहे. २००२ मध्ये जपानात निघालेल्या त्याच्या डीव्हीडीवर संपूर्ण चित्राला तांबूस झाक होती. ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ब्ल्यू-रेवर ती झाक दिसत नाही. कात्सुहिरो ओतोमो यांचा 'अकिरा' (१९८८) हाही जपानी संग्रहाचा मानबिंदू. २०२० मध्ये त्याची ४के आवृत्ती आली.

लघुपटांचा आनंद आणि वाद

टॉम आणि जेरी यांना ओळखत नाही असे शहरी घर सापडणे कठीण. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात या जोडीचे ११४ लघुपट केले. त्यांतील पहिले ३७ लघुपट २०११ मध्ये 'गोल्डन कलेक्शन' या नावाने ब्ल्यू-रेवर आले. दुसरा खंड २०१३ मध्ये येणार होता. त्यातून दोन लघुपट वगळल्याचे उघड झाले. कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण हे त्यामागचे कारण होते. संग्राहकांनी विरोध केला आणि तो खंड निघालाच नाही. सर्व ११४ लघुपटांचा संच ब्ल्यू-रेवर येण्यासाठी २०२५ चा डिसेंबर उजाडावा लागला.

हा वाद केवळ संग्राहकांच्या हट्टाचा नाही. त्या काळातील अनेक लघुपटांत वंशद्वेषी विनोद आहेत आणि ते आज खटकतात, खटकायलाच हवेत. ते मुलांपुढे सहज येऊ नयेत, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ते पुसून टाकले, तर चूक घडलीच नव्हती असा देखावा निर्माण होतो, असे अभ्यासकांचे म्हणणे. 'फँटेझिया'तील एका कृष्णवर्णीय सेविकेचे पात्र १९६९ पासून दृश्यातून काढले गेले. ब्ल्यू-रेवरही ते नाही. 'साँग ऑफ द साऊथ' (१९४६) हा चित्रपट तर अमेरिकेत घरगुती वापरासाठी कधीच प्रसिद्ध झाला नाही. सुरुवातीस स्पष्ट सूचना देऊन मूळ चित्र न कापता दाखवावे, हा मध्यममार्ग वॉर्नरने आपल्या अनेक संचांत स्वीकारला. डिस्नेनेही २०२० पासून इंटरनेटवरील 'डम्बो', 'पीटर पॅन' अशा चित्रपटांपूर्वी सविस्तर सूचना देण्यास सुरुवात केली.

पडद्यावरून अदृश्य होताना

इंटरनेटवर सर्व काही मिळते, हा समज २०२२ नंतर डळमळला. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स सेवेवरून 'इन्फिनिटी ट्रेन'सह अनेक मालिका एकाएकी काढण्यात आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस लूनी ट्यून्सच्या लघुपटांचा मोठा भाग आणि मार्च २०२५ मध्ये उरलेले जुने लघुपटही त्या सेवेवरून गेले. बग्ज बनी आणि डॅफी डक यांचा जन्म ज्या स्टुडिओत झाला, त्याच स्टुडिओच्या सेवेवर ते दिसेनासे झाले. मे २०२३ मध्ये डिस्नेनेही आपल्याच निर्मितीची अनेक शीर्षके आपल्या सेवेवरून उतरवली. मासिक वर्गणी भरणाऱ्याच्या मालकीचे काहीच नसते, याची जाणीव अनेकांना तेव्हा प्रथमच झाली.

दुसरीकडे तबकडीचा बाजारही आकसत गेला. नामांकित प्लेयर बनवणाऱ्या ओप्पोने २०१८ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेतील नवे प्लेयर थांबवले. २०२४ मध्ये डिस्नेने अमेरिकेतील तबकड्यांचे काम सोनीकडे सोपवले आणि सभासदांना घरपोच तबकड्या देणारा आपला क्लब बंद केला. मुंबईत काळाघोडा येथील ऱ्हिदम हाऊस या दुकानाने २०१६ च्या फेब्रुवारीअखेरीस दार लावले. संगीताबरोबर चित्रपटांच्या तबकड्या चाळण्याची एक हक्काची जागा शहराने गमावली. मोठ्या कंपन्या मागे सरल्या, तसे छोटे प्रकाशक पुढे आले. वॉर्नरच्या जुन्या संग्रहाची शाखा टेक्स एव्हरी यांचे लघुपट आणि पॉपाय यांचे संच ब्ल्यू-रेवर काढत राहिली. मर्यादित प्रती, जाणकार ग्राहक आणि चोख काम, असे या बाजाराचे नवे स्वरूप आहे.

खरेदी करताना

नवा संग्राहक काही गोष्टी ध्यानात ठेवील, तर पैसे वाया जाणार नाहीत.

प्रदेश-संकेत : ब्ल्यू-रेसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, तर भारत सी मध्ये येतो. भारतात घेतलेल्या प्लेयरवर परदेशी तबकडी चालेलच असे नाही. वेष्टनावरील खूण पाहावी. अनेक तबकड्या सर्व विभागांत चालतात. अल्ट्रा एचडी तबकड्यांना तर प्रदेश-संकेतच नसतो.

आवृत्ती : चित्रपटाचे नाव पाहून खरेदी करू नये, आवृत्तीचे साल पाहावे. 'सिंड्रेला'ची २०१२ ची आणि २०२३ ची तबकडी या दोन भिन्न वस्तू आहेत. आकर्षक पत्र्याची डबी किंवा चकचकीत बाह्यवेष्टन म्हणजे नवे चित्र नव्हे. पुष्कळदा आत जुनीच तबकडी असते.

चित्राचा आकार : १९५३ पूर्वीच्या चित्रपटाच्या वेष्टनावर रुंद पडदा असा उल्लेख असेल, तर सावध व्हावे.

बनावट माल : छपाई अस्पष्ट, मागील मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका, तबकडीच्या खालच्या बाजूस जांभळट रंग आणि अविश्वसनीय किंमत, ही नकलीची लक्षणे होत.

जुन्या डीव्हीडी : ब्ल्यू-रे आली म्हणून त्या टाकून देऊ नयेत. २००१ ते २००९ या काळात पत्र्याच्या डब्यांतून निघालेली 'वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स' ही मालिका संपूर्णपणे ब्ल्यू-रेवर कधीच आली नाही. अनेक लघुपटांची आणि मुलाखतींची तीच एक अधिकृत प्रत आहे.

जपणूक

ब्ल्यू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. डीव्हीडीत हे अंतर ०.६ मिलिमीटर आहे. म्हणून ब्ल्यू-रेवर कठीण संरक्षक लेप दिलेला असतो. तो किरकोळ ओरखडे सोसतो, खोल चरा मात्र सोसत नाही. तबकडी कडेने धरावी. पुसावयाची असल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. कोकण आणि मुंबईच्या पावसाळी हवेत कागदी वेष्टनांना बुरशी धरते. बंद कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, भिंतीला लागून कपाट ठेवू नये आणि पावसाळा सरल्यावर एकदा सर्व डब्या उघडून पाहाव्यात.

तबकडीही अमर नाही. २००६ ते २००८ या काळात छापलेल्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या काही डीव्हीडी आतून खराब होऊन वाचता येईनाशा झाल्या आणि कंपनीने २०२५ मध्ये तो दोष मान्य केला. वर्षातून एकदा तरी संग्रहातील तबकड्या लावून पाहणे, हा त्यावरील साधा उपाय. प्लेयरही चालू स्थितीत राहिला पाहिजे. नवे प्लेयर दुर्मीळ होत असल्याने तबकडी वाचणारे प्लेस्टेशन ५ सारखे खेळयंत्र अनेक संग्राहकांनी पर्याय म्हणून स्वीकारले आहे.

आपल्या दाराशी

हा सारा पसारा परदेशी चित्रपटांचा असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न आपल्या दाराशीही येतो. जपानचे युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांच्या सहकार्यातून साकारलेला 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम' १९९२ साली पूर्ण झाला. पुढची कितीतरी वर्षे भारतीय प्रेक्षकांना तो दूरचित्रवाणीवर आणि हातोहात फिरणाऱ्या पुसट प्रतींतच पाहावा लागला. २४ जानेवारी २०२५ रोजी त्याची ४के प्रत भारतातील चित्रपटगृहांत लागली, तेव्हा साको आणि राम मोहन दोघेही हयात नव्हते. चित्र मात्र शाबूत होते, कारण कोणीतरी मूळ साहित्य जपून ठेवले होते.

प्रत्येक चित्राचे नशीब असे नसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येने जळाल्या. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतील काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला होता. भारतीय अॅनिमेशनचा तो आद्य प्रयत्न आज पाहायला मिळत नाही. 'सिंड्रेला'च्या झग्यावरील चुणी पुसली गेली, तेव्हा मूळ निगेटिव्ह हाताशी असल्याने ती परत आणता आली. फाळक्यांच्या काड्या कशा नाचत होत्या, हे मात्र आता कोणत्याही तबकडीवर दिसणार नाही.